४८, ५५ की ६०? माझं वजन नक्की किती असायला हवं?

बडोद्याहून, कारेलीबागेत राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात म्हणून छापत नाही. पत्र बरंच मोठं आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं देते:

"ताई, मी ४२ वर्षांची, उंची ५ फूट १ इंच, वजन ६३ किलो. लग्नात ४८ होते. नवरात्रीच्या आधी जरा कमी व्हावं म्हणून जिम लावलं, तर ट्रेनर म्हणाला तुमचं आयडियल वजन ४८, म्हणजे १५ किलो जास्त आहे, तीन महिन्यांत उतरवून देतो, पोळी-भात बंद आणि दोन वेळा पावडर. फॅमिली डॉक्टर म्हणाले ५५ पर्यंत आणा. मोबाईलमधलं ॲप म्हणतं ६० पर्यंत नॉर्मल. सासूबाई ७३ वर्षांच्या आहेत, त्या म्हणतात काही जास्त नाही, अंगावर थोडं असलेलं बरं. एक मैत्रीण वजनाच्या इंजेक्शनबद्दल सांगतेय. मिस्टरांची उंची १७४ सेंटिमीटर आणि वजन ६८, पोट तेवढं सुटलंय, पण ते काहीही खातात तरी काटा हलत नाही आणि मी नुसत्या वासाने वाढते. कोणाचं खरं मानू? आणि आता आमची १४ वर्षांची मुलगीपण रोज काट्यावर उभी राहायला लागलीय."

ताई, पत्र वाचून पहिली गोष्ट ही वाटली की तुम्हाला इतके आकडे सांगितले पण एकानेही तुमची कंबर मोजली नाही, साखर विचारली नाही, आईवडिलांना डायबिटीस होता का हे विचारलं नाही. आणि तुमच्या वयाला, तुमच्या बांध्याला आणि आपण भारतीय आहोत ह्या गोष्टीला धरून बोलायचं तर ह्याच गोष्टी आधी विचारायला हव्यात, किलो नंतर. तरी तुम्ही किलो विचारलेत तर आधी त्याचंच सांगते, कारण हे तिन्ही आकडे कुठून आले ते कळलं की अर्धी घालमेल तिथेच संपेल.

ट्रेनरचे ४८. ते आले असणार डिव्हाइनच्या फॉर्म्युल्यातून, जिममधल्या बऱ्याच चार्टमध्ये तोच भरलेला असतो. बायकांसाठी ५ फुटाला साडेपंचेचाळीस किलो आणि त्यावरच्या प्रत्येक इंचाला २.३ किलो. तुम्ही ५ फूट १, म्हणजे ४७.८, झाले ४८. आता हा फॉर्म्युला कशासाठी आला माहितेय का, १९७४ साली जेंटामायसिन नावाच्या अँटिबायोटिकचा डोस ठरवताना तो मांडला गेला, पेशंटला औषध किती द्यायचं ह्याचा अंदाज यावा म्हणून. कोणी किती वजनाला निरोगी राहतं हे बघून तो बनवलेलाच नाही. त्यात वय नाही, अंगकाठी नाही, कंबर नाही, काही नाही, फक्त उंची आणि बाई की पुरुष एवढंच. त्याला "आयडियल" असं नाव पडलं आणि तेच नाव आज जिमच्या भिंतीवर लटकतंय ह्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या एका शब्दापायी कितीतरी बायका आपण १५ किलोने नापास आहोत असं समजून घरी जातात. ४८ किलोला तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २० येतो, म्हणजे ते वजन काही चुकीचं नाही, वीस-बावीसच्या वयात तुम्ही तशा होतात आणि ठणठणीत होतात. पण ४२ व्या वर्षी, मूल झाल्यावर, तेच टार्गेट असलं पाहिजे ह्याला काही आधार नाही.

डॉक्टरांचे ५५ दोन वाटांनी येतात. एक तर सेंटिमीटरमधल्या उंचीतून १०० वजा करायचे, ही ब्रोका नावाच्या फ्रेंच सर्जनच्या नावाने चालत आलेली एकोणिसाव्या शतकातली पद्धत, तुमची उंची १५५ तर उत्तर ५५. सोपं आहे म्हणून टिकलं, पण उंच माणसांना ते जरा जास्तच मोकळं सोडतं. दुसरी वाट बीएमआयची, आणि तुमच्या बाबतीत तीपण ५५ वरच येऊन थांबते, कशी ते खाली सांगते.

ॲपचे ६० म्हणजे बीएमआयची जगभरासाठीची रेघ. बीएमआय काढायला वजन किलोत घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. तुमची उंची १.५५ मीटर, तर ६३ भागिले १.५५, परत भागिले १.५५, आले २६.२. ह्या हिशोबाचं मूळ केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाचं, १८३० च्या दशकातलं, आणि त्याला एकेका माणसाच्या तब्येतीशी काही घेणंदेणं नव्हतं, तो अख्ख्या लोकसंख्येची सरासरी शोधत होता. बीएमआय हे नाव त्याला १९७२ मध्ये अमेरिकेतल्या अँसेल कीज ह्यांनी दिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १८.५ ते २४.९ नॉर्मल, २५ पासून वजन जास्त आणि ३० पासून लठ्ठपणा. तुमच्या उंचीला २४.९ म्हणजे जवळपास ६० किलो. ॲपने हेच सांगितलं.

आता इथे थांबा, कारण खरी गोष्ट इथून सुरू होते. ती रेघ आपल्यासाठी पुरेशी नाही. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्याच तज्ज्ञांनी सांगितलं की आशियाई लोकांना डायबिटीस आणि हार्टचा धोका कमी बीएमआयलाच सुरू होतो, म्हणून २३ पासूनच सावध व्हा. आणि २००९ मध्ये आपल्याकडच्या डॉक्टरांनी मिळून भारतीयांसाठी आकडे ठरवले, २२.९ पर्यंत नॉर्मल, २३ ते २४.९ जास्त, २५ आणि पुढे लठ्ठपणा. तुमच्या उंचीला २२.९ म्हणजे बरोबर ५५ किलो, आणि १८.५ म्हणजे साडेचव्वेचाळीसच्या आतबाहेर. म्हणजे तुमची भारतीय रेंज झाली साधारण ४५ ते ५५. डॉक्टरांचं म्हणणं त्या रेंजच्या वरच्या टोकाचं आहे, ट्रेनरचं रेंजच्या आतलं एक ठिकाण आहे, ॲपचं आपल्या हिशोबाने रेंजच्या बाहेरचं आहे. आणि तुम्ही आत्ता २६.२ ला आहात, ते जास्त आहे ह्यात शंका नको, मी तुम्हाला खोटं बरं वाटेल असं सांगणार नाही. पण १० किलोच्या रेंजला एका आकड्यात कोंबून तो नाही गाठला तर सगळं वाया, असं मानून जगू नका.

आपल्यालाच वेगळी रेघ का, हे बऱ्याच जणी विचारतात. ह्याचं सगळ्यात बोलकं उत्तर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दिलंय. त्यांचा आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन ह्यांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, दोघं शेजारी शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन ह्यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्याला दोघं सारखेच, आतला मामला पार वेगळा. आणि हे जन्मापासूनच चालू होतं असं त्यांच्या अभ्यासात दिसलं, पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधली साडेतीन किलोची, पण आपल्या बाळांच्या अंगात कमी होते ते मुख्यतः स्नायू, कातडीखालची चरबी फारशी कमी नव्हती. म्हणून दिसायला बारीक पण आतून चरबी, असे आपण लोक.

उलट उदाहरणपण आपल्या बडोद्यातच आहे. दांडिया बाजारचं जुम्मादादा व्यायाम मंदिर, प्रोफेसर माणिकरावांचं, तिथे घडलेला मल्ल काट्यावर उभा केलात तर बीएमआय २७-२८ सहज येईल आणि तक्ता त्याला लठ्ठ म्हणेल, पण पोट बघावं तर सपाट आणि दंड-मांड्या भरलेल्या. काट्याला स्नायू कुठले आणि चरबी कुठली हे कळत नाही, आणि चरबी असली तरी ती मांडीवर आहे की पोटात आहे हेपण कळत नाही. आणि तेच तर कळायला हवं, कारण मांडीवरची, नितंबावरची चरबी त्यामानाने गरीब असते, पोटाच्या आत आतड्याभोवती, लिव्हरभोवती साठते ती त्रास देते. तिच्यातली मेदाम्लं, म्हणजे फॅटी ॲसिड, थेट लिव्हरकडे जातात, मग इन्सुलिन नीट काम करेनासं होतं आणि साखर, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी, बीपी एकामागोमाग वर चढायला लागतात. तुमच्या वयात, पाळी जायच्या आधीच्या वर्षांत, हॉर्मोन बदलतात तशी चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकायला लागते, वजन तेच असलं तरी. म्हणून वजनाच्या काट्याआधी टेप घ्या.

कशी मोजायची ते नीट सांगते, कारण दहापैकी आठ जणी बेंबीच्या खाली साडीची गाठ असते तिथे मोजतात आणि आकडा चुकतो. सकाळी, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी. शिलाईची मऊ टेप घ्या, स्टीलची नको. आरशासमोर सरळ उभ्या राहा, पाय जरासे लांब. कुशीत बोटं खुपसून सगळ्यात खालची बरगडी शोधा, तिथे एक टिकली लावा हवी तर. मग खाली कमरेच्या हाडाची वरची कड शोधा, कडेवर मूल घेताना जिथे बसवतो तेच हाड. ह्या दोन्हींच्या बरोबर मधे टेप यायला हवी, आणि मागे खाली घसरायला नको, म्हणून बाजूने आरशात बघा. श्वास नेहमीसारखा सोडा, सोडल्यावर थांबा, पोट आत ओढू नका, टेप टेकेल पण रुतणार नाही एवढीच ताणा आणि वाचा. दोनदा मोजा, फरक आला तर तिसऱ्यांदा. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत, म्हणजे साडेएकतीस इंच, आणि पुरुषांसाठी ९० च्या आत, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच. ह्याहून सोपी दुसरी कसोटी पण आहे, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. तुमची उंची १५५, निम्मं साडेसत्त्याहत्तर. ७७-७८ च्या आसपास आलात आणि साखर-बीपी ठीक असलं तर वजन ५७ असो की ५९, मी तुमच्यामागे लागणार नाही.

आता मिस्टरांचं. ताई, पत्रातलं हे वाक्य मी दोनदा वाचलं, कारण मला तुमच्याइतकीच त्यांची काळजी वाटली. १७४ आणि ६८ म्हणजे बीएमआय साडेबावीस, तक्त्यात अगदी नॉर्मल, कोणी त्यांना कधी काही बोलणार नाही. आणि पोट सुटलंय! हाच तो याज्ञिकांच्या फोटोतला बांधा. काटा हलत नाही ह्याचा अर्थ काही होत नाही असा नाही, चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होतात आणि तेवढीच चरबी त्या जागी येते, बेरीज तीच राहते. त्यांची कंबर मोजा, पँटचा नंबर विचारू नका, पँट पोटाच्या खाली बांधतात त्यामुळे नंबर चौतीसच राहतो आणि पोट चाळीसला पोचतं. त्यांच्या उंचीचं निम्मं ८७. त्याच्या वर असेल, आणि माझा अंदाज आहे की असेल, तर उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) आणि बीपी ह्या महिन्यात करून घ्या. घरात ज्याचं वजन जास्त दिसतं त्याचीच तपासणी होते आणि बारीक दिसणारा सुटतो, हे मी इतक्या घरांत बघितलंय की हात जोडून सांगते, ह्यांना सोडू नका.

सासूबाईंचं म्हणणं तुम्हाला लागू नाही पण स्वतःपुरतं बरंचसं बरोबर आहे. सत्तरीच्या पुढे थोडं जास्त वजन तितकं नुकसान करत नाही, उलट वजन आपोआप उतरायला लागलं, स्नायू झडले, तर पडणं, हाड मोडणं, आजारातून न उठणं ह्याचीच भीती जास्त. तुमच्या डाएटच्या नादात त्यांच्या ताटातली दूध-भाकरी, तूप कमी करू नका. त्यांचं वजन काही न करता कमी होत असेल तर मात्र लगेच दाखवा.

मग आता तुम्ही काय करायचं. १५ किलो तीन महिन्यांत हे डोक्यातून काढून टाका. ते तुमच्या आत्ताच्या वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा आहे, आठवड्याला सव्वा किलोच्या जवळ जातं, आणि इतक्या भरभर, पोळी-भात बंद करून आणि पावडर पिऊन उतरवलं तर त्यात स्नायूपण जातात, पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते, केस गळतात, आणि पावडर सुटली की वजन परत येतं पण गेलेले स्नायू तेवढे परत येत नाहीत. म्हणजे वर्षभराने तुम्ही परत ६३ ला, पण आधीपेक्षा जास्त चरबीच्या ६३ ला. पहिलं टार्गेट पाच ते सात टक्के ठेवा, तुमच्यासाठी ते तीन ते साडेचार किलो, म्हणजे ५९-६०, आणि त्याला सहा महिने द्या. थोडंसं वाटतं ना? पण अमेरिकेत डायबिटीसच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये आला, त्यात टार्गेट होतं ७ टक्के वजन आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं, एवढ्याने साधारण तीन वर्षांत डायबिटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. आणि आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन ह्यांच्या २००६ च्या अभ्यासात तर खाणं आणि हालचाल सुधारल्यावर डायबिटीस २८.५ टक्क्यांनी कमी झाला आणि वजनात म्हणण्यासारखा फरक पडलाच नव्हता. मला हा अभ्यास फार आवडतो, काटा हलला नाही म्हणून रडत बसलेल्या प्रत्येक बाईला मी तो सांगते. ५९ ला पोचलात की दोन-तीन महिने तिथेच टिकवा, परत कंबर मोजा, रिपोर्ट बघा, मग पुढचं ठरवू, ५७ की ५५.

खाण्यात पोळी-भात बंद करू नका, दोन पोळ्या खाता तर त्यांच्याबरोबर प्रोटीन वाढवा. ५५ किलोच्या बाईला दिवसाला किमान ४६ ग्रॅम प्रोटीन लागतं असं आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, म्हणणं आहे, वजन उतरवताना साठपर्यंत गेलेलं बरं, आणि आपल्या घरात सकाळी चहा-खारी, दुपारी पातळ गोड वरण आणि रात्री खिचडी असं खाऊन ते निम्मंपण होत नाही. घट्ट वरण, मटकी-मूग-चवळीची उसळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडी, हे रोज प्रत्येक जेवणात काहीतरी पाहिजे. भूक आपोआप आवरते, करून बघा.

आणि बडोद्यात राहून फरसाणाचं बोललं नाही तर काय बोललं. लीलो चेवडो, भाखरवडी, रविवारचे फाफडा-जलेबी, सेव-उसळ. हे बंद करा असं मी सांगणार नाही, कारण मी सांगितलं तरी होणार नाही आणि व्हायलाही नको, ती आपल्या गावाची चव आहे. पण तळलेलं फरसाण १०० ग्रॅमला ५०० कॅलरीच्या आसपास जातं, आणि आपण १०० ग्रॅम मोजून कुठे खातो, डबा मांडीवर घेऊन सिरियल बघता बघता खातो. तर एवढंच करा, डबा स्वयंपाकघरातच राहू दे, एका छोट्या वाटीत काढून घ्या आणि ती वाटी संपली की संपली. सेव-उसळीत उसळ दुप्पट आणि सेव निम्मी घ्या. रविवारच्या फाफड्याच्या दिवशी दुपारी साधं जेवा. घरातलं तेल महिन्याला किती लिटर लागतं ते बघा आणि माणसांनी भागा, एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि फोडणीला आपण चमचा वापरतच नाही, तेलाची बुधली वाकडी करतो. नुसता चमचा वापरायला लागलात तरी महिन्याभरात फरक कळेल. वासाने वाढते म्हणालात ना, मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही, पण स्वयंपाक करताना चाखलेलं, मुलीच्या डब्यातलं उरलेलं, दिवसातून चार चहांतली साखर, हे आठ दिवस एका वहीत लिहून काढा. स्वतःसाठीच लिहा, कोणाला दाखवू नका.

जिम सोडू नका हं, ट्रेनरचा आकडा सोडा पण वजनं उचलणं सोडू नका. सकाळी कमाटीबागेत चालायला येणाऱ्या कितीतरी बायका फक्त चालतात, चालणं उत्तमच, आठवड्याला १५० मिनिटं तरी पाहिजेच, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगाने. पण त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम पाहिजे, खुर्चीवरून हात न लावता उठबस, भिंतीला हात टेकून दंड, डंबेल, काहीही. तुमच्या वयात स्नायू वाचवले नाहीत तर पुढे सासूबाईंच्या वयाला जिना चढताना कळतं. आणि नऊ रात्री गरबा भरपूर खेळा, त्याच्यासारखा व्यायाम नाही, फक्त खेळून झाल्यावर रात्री १ वाजता ग्राउंडबाहेर जे खाणं होतं त्याचा विचार करा.

काट्यावर आठवड्यातून एकदाच, त्याच दिवशी, सकाळी, शौचानंतर, चहाच्या आधी, टणक फरशीवर काटा ठेवून. दिवसभरात किलो-दीड किलोचा फरक नुसत्या पाण्याने पडतो, पाळीच्या आधी वाढतं, खारट खाल्लं की दुसऱ्या दिवशी वाढतं, ती चरबी नसते. जिममध्ये चरबी मोजायची मशीन असते, ती चरबीचे जे टक्के सांगते तेपण ह्याच कारणाने हलतात, ती मशीन अंगातून बारीक करंट सोडून पाण्यावरून अंदाज बांधते, घाम गाळून उभ्या राहिलात तर वेगळं, पाणी पिऊन उभ्या राहिलात तर वेगळं. कंबर महिन्यातून एकदा मोजा, तोच आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहा.

तपासण्या तुमच्यापण करून घ्या, मिस्टरांबरोबरच: उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी, लिपिड, बीपी, टीएसएच म्हणजे थायरॉइडची तपासणी, आणि हिमोग्लोबिन. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ आलं तर तो डायबिटीसचा उंबरठा, तिथून परत फिरता येतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवू शकतो, म्हणून दोन्ही करा. थायरॉइड निघालं तर गोळी घ्याच, पण सगळं वजन थायरॉइडमुळे असं धरून बसू नका, त्याने वाढतं ते बहुतेक वेळा थोडंच, काही किलो. पाळी फार अनियमित असेल, रात्री जोरात घोरत असाल आणि दिवसा झोप येत असेल, किंवा वजन एकदम वाढलं वा उतरलं असेल तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा.

इंजेक्शनचं थोडक्यात. औषधं खरी आहेत, काम करतात, पण ती साधारणपणे बीएमआय ३० च्या पुढे, किंवा २७ च्या पुढे आणि जोडीला डायबिटीस-बीपीसारखं काही असेल तर, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. तुमचा २६.२ आहे. मैत्रिणीच्या प्रिस्क्रिप्शनवर कोणी आणून देत असेल तर घेऊ नका.

आणि मुलगी. वर जे काही आकडे सांगितले, २२.९, ८० सेंटिमीटर, त्यातला एकही तिला लावू नका, ते मोठ्या माणसांचे आहेत. १४ व्या वर्षी मुली वाढत असतात, पाळी नुकती सुरू झालेली असते, ह्या वयात वजन वाढायलाच हवं. मुलांसाठी वयाप्रमाणे वेगळे ग्रोथ चार्ट असतात, आपल्या देशाचे २०१५ चे आहेत, मुलांच्या डॉक्टरांकडे जाऊन तिची उंची-वजन त्यावर बघून घ्या, आणि गेल्या दोन-तीन वर्षांची शाळेच्या हेल्थ कार्डावरची नोंद असेल तर ती घेऊन जा. तोवर काटा बाथरूममधून उचलून कपाटात ठेवा आणि तुमचं वजन ती घरात नसताना करा. ती जेवण टाळायला लागली, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन बसायला लागली किंवा पाळी थांबली तर चार्टची वाट बघू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आणि ताई, तिच्यासमोर स्वतःला जाडी म्हणणं आजपासून बंद करा.